बाईंच्या मशीनवर ‘इतर’ नव्हतं

लातूर वेगळा जिल्हा झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्या करीमचाचांच्या गाळ्याला मालकाच्या माणसांनी कुलूप घातलं. चाचा तेव्हा कुलपाच्या बाहेर होते आणि त्यांचा चष्मा आत. अन्याय कुणावर झाला, कधी झाला, किती वाजता झाला हे आधी लिहावं आणि राग मागून लिहावा, हे मला ज्यांनी शिकवलं त्या टायपिंगच्या बाईंविषयी मी हे लिहितो आहे. मराठी भाषेतल्या एकाच शब्दाशी जन्मभर वैर धरणारी आणि ते शेवटपर्यंत निभावणारी दुसरी बाई सबंध मराठवाड्यात झाली नसेल. तो शब्द म्हणजे ‘इतर’.

‘वगैरे’ हा बाईंच्या मते ‘इतर’चा धाकटा भाऊ आणि ‘इत्यादी’ हा शहरात शिकून आलेला चुलता. या तिघांनाही त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश नव्हता. उदगीरचे एक किराणा व्यापारी एकदा मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर टाइप करून घ्यायला आले. मजकूर छान चालला होता. श्रीकृपेपासून मामामामींपर्यंत बाईंची बोटं अडली नाहीत. ‘आणि इतर आप्तेष्ट’ आलं आणि मशीन बंद. इतर कोण, असं बाईंनी विचारलं. व्यापारी म्हणाले, तसं लिहायची पद्धत असते. बाई म्हणाल्या, जेवायला ते नावानंच येणार ना, मग पत्रिकेत नावानं यायला काय हरकत हाय? बिचारे स्टुलावर बसून एकेक नाव आठवू लागले आणि आठवता आठवता त्यांच्या लक्षात आलं, की भालकीची सख्खी आत्या आपण यादीत धरलेलीच नाही, कारण तिच्याशी बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. ते तसेच उठले, भालकीची गाडी धरली आणि आत्याला घेऊनच परतले. लग्नानंतर त्यांनी बाईंना पेढे पाठवले. पुड्यावर ‘पेढे वगैरे’ असं लिहिलेलं होतं. बाईंनी ‘वगैरे’ खोडलं, पुडा उघडून आत फक्त पेढेच आहेत याची खात्री केली आणि मग खाल्ले.

त्यांना कुणी सहज काय जेवलात म्हणून विचारलं तर त्या भाजीचं नाव, भाकरी कशाची, किती आणि ठेचा हिरव्या मिरचीचा की लाल, इतकं सांगत. उलट दुसरा कुणी ‘वरण-भात वगैरे’ म्हणाला, तर त्याचं ‘वगैरे’ म्हणजे लोणचं होतं की पापड, हे कळेपर्यंत पुढचं बोलणं व्हायचं नाही. त्यांची दुसरी सवय बोटांची. समोरचा माणूस बोलत असला की त्यांच्या मांडीवरची दहाही बोटं अदृश्य कळांवर चालत असत. समोरच्याचं बोलणं त्या मनात टाइप करत असत आणि बोटं थांबली की ओळखावं, आपण काहीतरी मोघम बोललो. मी त्यांच्यासमोर भाषण करायला लागलो की बोटं इतक्या वेळा थांबत, की मला आपण तोतरे आहोत असं वाटायचं.

मी नायगावहून लातूरला शिकायला आलो आणि शिकण्यापेक्षा पत्रकंच जास्त काढली. माझ्या पत्रकांचं छपाईचं स्टेन्सिल बाई मशीनवर कापत. उधारीवर कापत, पण फुकट काही नसे. प्रत्येक मजकुराची किंमत मला अपमानाने चुकवावी लागे. एका पत्रकाला एकच उद्गारचिन्ह, हा त्यांचा नियम होता. दुसरं लागलं तर पहिलं कुठलं काढायचं ते मी सांगायचं. एकदा मी ‘शोषक आणि त्यांचे इतर हस्तक’ असं लिहून नेलं. बाईंनी कागद परत केला. हस्तकांची नावं आण म्हणाल्या. मी म्हटलं, नावं कशी माहीत असणार? तर म्हणाल्या, “मग हस्तक हायेत हे तुला कुणी सांगितलं?” मी रागाने जिना उतरलो. खाली चहा पिऊन पुन्हा चढलो आणि ‘हस्तक’ काढलं. ते पत्रक मी काढलेल्या पत्रकांमध्ये सगळ्यात लहान आहे, आणि लोकांनी वाचलेलंही तेवढं एकच.

हे वैर कुठून आलं, ते बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही रिबन बदलता बदलता. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि मुलीला शाळेत घातलं. गावच्या शाळेतले गुरुजी हजेरी घेताना सगळ्या मुलांची नावं पुकारत आणि शेवटी दाराजवळ बसणाऱ्या चौघांकडे न बघता विचारत, “आणि इतर?” की या चौघांनी एकसुरात ‘हजर’ म्हणायचं. बाई म्हणाल्या, “मी चार वर्षं ‘इतर’ म्हणून हजर होते. एकदा मी आजारी होते, तरी बी हजर होते.” एवढं बोलून त्यांनी शाईची बोटं पुसली आणि मला पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला.

तर ते कुलूप. जिल्हा नवा झाला आणि लातुरात अर्जांचा पाऊस पडू लागला. दुसरा पाऊस काही पडेना. नवी कचेरी, नवी खाती, नव्या जागा, आणि प्रत्येक जागेसाठी टायपिंगची परीक्षा. अहमदपूर, औसा, निलंग्याच्या पोरी सकाळच्या एसटीने येऊन बाईंच्या दहा मशीनवर तुटून पडत. कचेरीच्या रस्त्याला एका मालकाने दुमजली इमारत बांधली होती, तिच्यात पंधरा गाळे. खाली चहाचं हॉटेल, औषधाचं दुकान, कापडवाले, खतवाले. वर एक लॉज, दोन वकील आणि बाईंची इन्स्टिट्यूट. आणि जिन्याच्या पोटात, उभं राहिलं की डोकं आपटेल अशा तिरक्या जागेत, करीमचाचा. मालकाने तोही गाळाच धरला होता. दुष्काळात छत्री कोण दुरुस्त करणार? चाचा स्टोव्हच्या पिनांवर दिवस काढत होते आणि तरी रोज सकाळी एक काळी छत्री दुकानापुढे उघडून ठेवत, पाट्या रंगवायला पैसे लागतात म्हणून.

दर महिन्याला मालकाचे मुनीमजी सगळ्यांना पिवळ्या कागदावर बिल देत. बिलात दोनच ओळी असत. एक ‘भाडे’ आणि दुसरी ‘इतर’. इमारतीला पाणी टँकरने येई, त्यामुळे त्या उन्हाळ्यात ‘इतर’ वाढत वाढत भाड्याच्या खांद्याला लागलं होतं. मुनीमजी खर्चाची एकूण बेरीज करत, तिला पंधराने भागत आणि प्रत्येकाच्या बिलात सारखी रक्कम टाकत. वीस खोल्यांच्या लॉजला जेवढी, तेवढीच जिन्याखालच्या चाचांना. चाचांच्या गाळ्यात नळ नव्हता. प्यायचं पाणी ते घरून सुरईत आणत. मेरे कने नलच नहीं, तो पानी का पैसा काहे का, असं ते मुनीमजींना दर महिन्याला विचारत आणि मुनीमजी दर महिन्याला सांगत, की ते पाण्याचं न्हाई चाचा, ते इतरचं हाय. तीन महिने चाचांनी ‘इतर’ भरलं नाही. चौथ्या महिन्यात कुलूप लागलं. मालकाने त्यांना कायमचं काढायला कज्जाही लावायचं ठरवलं. त्या तिरक्या जागेत चाचांची पंचवीस वर्षांची हत्यारं होती, आणि दुसरीकडे जागा मिळणं त्या भाव चढलेल्या रस्त्यावर शक्यच नव्हतं.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. ‘एका गरीब कारागिरावर भांडवलशाहीचा वरवंटा’ अशी त्याची सुरुवात होती. बाईंची बोटं ‘एका’पाशीच थांबली.

“एका म्हणजे कुणावर?”

“चाचांवर.”

“मग लिही की. करीमचाचांवर. कधी, किती वाजता. मग तुझा राग लिही, जागा उरली तर.”

मी म्हटलं, बाई, ही वेळ व्याकरणाची नाही, उद्या मोर्चा काढायला हवा. त्यांनी विचारलं, कशावर काढून राहिलास? मी म्हटलं, त्या ‘इतर’वर. तर त्यांनी शांतपणे विचारलं, की ‘इतर’ म्हणजे काय काय, हे तुला माहीत हाय का? मला माहीत नव्हतं. इमारतीतल्या कुणालाच नव्हतं. सगळे गाळे काय भरतो आहोत हे न विचारता भरत होते, आणि आम्ही सगळे न भरणाऱ्याच्या कुलपाकडे बघून चुकचुकत होतो. माझा मोर्चा तिथेच संपला.

आठवड्याने मुनीमजी स्वतःच बाईंकडे आले. मालकाच्या वकिलाने त्यांना सांगितलं होतं, की नव्या जिल्ह्यात हातानं खरडलेले पिवळे कागद चालणार नाहीत. या महिन्यापासून पंधराही गाळ्यांची बिलं टाइप करून, सही-शिक्क्यानिशी, तीन तीन प्रतीत काढा. आणि त्या रस्त्यावर मराठी टाइपरायटर होते ते बाईंकडेच. मी कोपऱ्यात बसून माझं पत्रक दुरुस्त करत होतो. बाईंनी कार्बन लावले, ‘भाडे’ टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवले.

“मुनीमजी, पुढचा शब्द माझ्या मशीनवर न्हाई.”

मुनीमजी जुने, सरळ गृहस्थ. त्यांनी चष्मा सारखा करून मशीनकडे वाकून पाहिलं.

“कळ तुटली का?”

“तुटली म्हणा.”

“मग ‘किरकोळ’ लिवा.”

“ते बी न्हाई.”

आता यात बाईंनी फसवलं असं कुणी म्हणेल तर म्हणो. त्यांच्या दृष्टीने तो शब्द त्या मशीनवर खरोखरच नव्हता. मुनीमजींना मात्र वाटलं, यंत्राची काही अडचण आहे. त्यांनी विचारलं, मग काय करायचं? बाई म्हणाल्या, त्या रकमेत जे जे हाय ते नावानं सांगा, तेवढे शब्द मशीनवर हायेत. आणि मग मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा चमत्कार पाहिला. मुनीमजींचा चेहरा उजळला. तीस वर्षं त्यांनी मालकाचा पैसा न् पैसा डोक्यात ठेवला होता आणि तीस वर्षांत एकाही माणसाने त्यांना ‘त्यात काय काय आहे’ असं विचारलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.

इमारतीचा टँकर. जिन्यातला दिवा. झाडूवाली. राखणदार. इथपर्यंत ठीक होतं. मग लॉजची पाणी चढवायची मोटर, ती जळाली त्याची दुरुस्ती, लॉजच्या चादरींची धुलाई. लॉज मालकाच्या मेहुण्याचा होता. मग मालकाच्या बंगल्यावरचा टँकर. मग बंगल्यातल्या गुलाबांचा, तो वेगळा. गावात बायका पहाटेपासून हंड्यांच्या रांगा लावत होत्या आणि आमचे पंधरा गाळे गुलाबांना पाणी घालत होते. बाईंची बोटं न चुकता चालली होती. शेवटी मुनीमजी म्हणाले, “वकीलसाहेबांची फी, करीम यांना गाळ्यातून काढणेबाबत.” तेव्हा बोटं थांबली.

“हे बी पंधरानं भागलं का?”

“सगळंच पंधरानं.”

“म्हणजे चाचांच्या बी बिलात हाय?”

“हाव. आपल्याकडं भेदभाव न्हाई, बाई. सगळे गाळे सारखे.”

आपल्याला हाकलण्याच्या खर्चाचा पंधरावा हिस्सा चाचांनी भरायचा होता, आणि तो भरला नाही म्हणून त्यांना हाकललं जाणार होतं. मी उठून उभा राहिलो. बाईंनी मला नजरेने बसवलं आणि ती ओळ, एकाही उद्गारचिन्हाशिवाय, जशीच्या तशी टाइप केली. पंधरा बिलं तयार झाली. प्रत्येक बिल पानभर. मुनीमजींनी एक बिल लांब धरून पाहिलं, लई भारदस्त दिसून राहिलं म्हणाले, मालक हैदराबादला लग्नाला गेले होते म्हणून स्वतःच सही केली, शिक्का मारला आणि त्याच संध्याकाळी लग्नपत्रिका घरोघर वाटाव्यात तशी ती गाळ्यागाळ्यांत वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळे भाडेकरू बाईंच्या इन्स्टिट्यूटमध्ये स्टुलांवर बसले होते. सर्वांत जास्त संतापले होते ते वरचे दोन वकील. गुलाबांचं, चादरींचं त्यांना एवढं वाटलं नाही; पण आपल्या खिशातून तिसऱ्याच वकिलाची फी जाते आहे, हे त्यांना सहन होईना. आजवर एकमेकांशी न बोलणाऱ्या त्या दोघांनी मालकाला द्यायची नोटीस एकत्र बसून, फुकट लिहिली. बाईंनी एका कागदाचे तीन भाग पाडले. ज्याचं त्याचं, सगळ्यांचं, आणि मालकाचं. गुलाब आणि वकील हे मालकाकडे गेले, चादरी आणि मोटर लॉजकडे. पाणी ज्याने जेवढं वापरलं तेवढं त्याच्याकडे. झाडूवाली आणि राखणदार सगळ्यांकडे. भांडण लागलं ते जिन्याच्या दिव्यावरून. कापडवाले म्हणाले, चाचांनी जिन्याचा खर्च दिलाच पाहिजे, कारण जिन्याला सगळ्यात जवळ तेच. बाई म्हणाल्या, “जिना त्यांच्या डोक्यावर हाय, पायाखाली न्हाई.” आणि तेव्हा दाराजवळ बसलेले चाचा उठले. म्हणाले, “नको बाई. उजाला तो मेरे उप्पर भी पडता. दिवे का मैं देता.” बाईंनी मान डोलावली आणि दिव्यापुढे चाचांचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

पाण्याचा हिशेब लावताना मात्र एक भानगड झाली. बाईंच्या पोरी चाळीस. उन्हातून यायच्या, आल्या आल्या माठ रिकामा करायच्या. बाईंच्याच नियमाने बाईंचं बिल पूर्वीपेक्षा वाढलं. मी त्यांना हळूच म्हटलं, बाई, तुमच्या पोरी परगावच्या, त्यांचं पाणी ‘सगळ्यांचं’ मध्ये टाका की, कोण बघतंय? त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू मीच मुनीम आहे. “माझ्या पोरी पाणी पितात ते खतवाल्यानं भरायचं का?” आणि त्यांनी पहिल्या तारखेला वाढलेलं बिल भरलं. जगात मी पुष्कळ क्रांतिकारक पाहिले. स्वतःच्या क्रांतीने स्वतःचं नुकसान झाल्यावर पावती मागून घेणारा हा एकच.

हैदराबादहून मालक आले, त्यांनी नोटीस वाचली आणि मुनीमजींच्या सहीचं ते पानभर बिल वाचलं. कज्जात तेच बिल पुढे येणार, हे त्यांच्या वकिलानेच त्यांना सांगितलं असावं. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं. चाचा आत गेले, चष्मा घालून बाहेर आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाईंच्या चहाचा स्टोव्ह मागून घेतला आणि त्याची पिन बदलली. पैसे घेतले नाहीत. बाई म्हणाल्या, हे चालायचं न्हाई, आणि दिले. दोघांचं त्यावरून अर्धा तास भांडण झालं.

इथे हे संपलं असतं तर मीही हसत हसत लिहून संपवलं असतं. बाईंचा करार अकरा महिन्यांचा होता. तो संपला तेव्हा मालकाने नवा केला नाही. गाळा पुतण्याच्या झेरॉक्ससाठी हवा, असं सांगितलं. कायद्याने त्यात काही चुकीचं नव्हतं, असं ते दोन्ही वकील म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. ज्यांचं ‘इतर’ निम्म्यावर आलं होतं, ते बाकीचे गाळे आपापल्या गल्ल्यावर बसून राहिले. दहा मशीन जिन्यावरून खाली उतरवली गेली ती हमालांनी आणि चाचांनी. साठी ओलांडलेला माणूस एकेक मशीन पोटाशी धरून उतरत होता. मी त्या दिवशी नांदेडला होतो. एका मोर्चाची पत्रकं वाटत होतो. त्या पत्रकात अन्यायग्रस्त म्हणून कुणाकुणाची नावं होती, बाईंचं नव्हतं. बाई गाळा सोडणार हे मला ठाऊक होतं आणि तरी मी गेलो होतो. मोर्चा मोठा होता, गाळा लहान होता, असा काहीतरी हिशेब मी केला असेन.

आता बाई अहमदपूरला असतात, स्टँडमागच्या गल्लीत. मशीन सहाच राहिली आहेत. मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा त्यांचे केस एकदम पांढरे दिसले. मी माफी मागायला गेलो होतो. म्हटलं, बाई, तेव्हा आम्ही सगळे तुमच्यामागे उभे राहायला हवं होतं. मांडीवरची बोटं थांबली. सगळे म्हणजे कोण कोण, असं आता त्या विचारणार म्हणून मी मनातल्या मनात नावं जुळवायला लागलो, माझ्यापासून सुरुवात करून. पण त्यांनी विचारलं नाही. चहा घेतोस का म्हणाल्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुमचा गाळा नांदेडला असेल, हिमायतनगरला असेल, कुठेही असेल. या महिन्याचं बिल आज काढा. ज्या ओळीत काय आहे ते तुम्हाला सांगता येत नाही, ती ओळ घेऊन ज्याने बिल दिलं त्याच्याकडे जा आणि त्याला ती नावानिशी फोडून लिहायला लावा. आणि जाताना शेजारच्या गाळ्याचं शटर वाजवा, त्याला बरोबर घ्या. एकट्याने जाऊ नका. आमच्या बाई एकट्या पडल्या होत्या.